टीव्हीवर प्रेक्षक जास्त कुणाला: ॲथलेटिक्सला की फॉर्म्युला वनला?

चोपडा_वाचनालय:
राम राम मंडळी. गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी मोठ्या पडद्यावर खेळ दाखवायचं चाललंय. क्रिकेट घरोघरी दिसतंच, म्हणून ते बाजूला ठेवलं. उरले दोन गट. एक म्हणतो ॲथलेटिक्स दाखवा, कारण पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणारी आणि गोळा फेकणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि नीरज चोप्रा, अविनाश साबळे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. दुसरा म्हणतो फॉर्म्युला वन (एफ-वन), म्हणजे मोटारींच्या शर्यती लावा, जगात तेच जास्त बघतात. "एफ-वनला वर्षाला दीडशे कोटींवर प्रेक्षक" असा एक मेसेज फिरतोय. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या घरात, म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एक एफ-वन बघतो? हे पटत नाही. नेमकं काय मोजतात? आणि ऑलिंपिकमध्ये ज्या खेळावर सगळं जग डोळे लावतं, तो एरवी टीव्हीवर दिसत का नाही?

तापीकाठ:
आकडा खोटा नाही, वाचणारे चुकीचा वाचतात. "प्रेक्षक" या एका शब्दाखाली तीन वेगळी मापं असतात.

पहिलं, एकूण बेरीज. तुम्ही मार्चची शर्यत बघितली, एक. एप्रिलची बघितली, दोन. वर्षात दहा बघितल्या तर तुम्ही एकटे दहा "प्रेक्षक" झालात. दुसरं, वेगवेगळी माणसं. तिथे तुम्ही वर्षभरात कितीही वेळा बघा, एकदाच मोजले जाता. एफ-वनने २०१९ साठी दोन्ही आकडे दिले होते: बेरीज १९२.२ कोटी, वेगवेगळी माणसं ४७.१ कोटी. भागाकार केला तर एक माणूस सरासरी चारदा मोजला गेलाय. तुमच्या मेसेजमधला दीडशे कोटींचा आकडा या बेरजेच्या जातीचा आहे. २०२१ ला बेरीज १५५ कोटी होती, वेगवेगळी माणसं ४४.५ कोटी.

तिसरं माप सरासरी मिनिटाचं, आणि जाहिरातदार खरा भाव त्याला देतो. एखाद्या मिनिटाला सरासरी किती जण पडद्यासमोर होते, ते. समजा ९० मिनिटांची शर्यत १०० घरांनी पूर्ण बघितली. पोहोच, म्हणजे एकदा तरी लावलेली घरं, १००, सरासरी मिनिट १००. आता ॲथलेटिक्सचं १८० मिनिटांचं सत्र घ्या. ३०० घरांनी लावलं, पण प्रत्येकाने १८ मिनिटं बघून चॅनेल बदललं. पोहोच ३००, पण सरासरी मिनिट ३०० गुणिले १८ भागिले १८०, म्हणजे फक्त ३०. पोहोचेत ॲथलेटिक्स तिप्पट, सरासरीत तिसऱ्या हिश्श्याहून कमी. दोन्ही बाजू आपापला आकडा खरा सांगतात आणि भांडण मिटत नाही.

आपल्याकडे टीव्हीचे प्रेक्षक बार्क ही संस्था मोजते. देशभरातल्या निवडक, पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर लावलेले असतात, आणि चॅनेलच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण तो मीटर पकडतो. त्या घरांवरून बाकीच्या देशाचा अंदाज बांधला जातो. मोबाईलवरच्या ॲपमध्ये बघितलेलं त्यात येत नाही. भारतात एफ-वन २०२४ पासून फॅनकोड या ॲपवर आहे, त्यामुळे टीव्हीचा आकडा बघून "भारतात कोणी बघत नाही" म्हणणंही चूकच.

म्हणून तुलना करताना तीन गोष्टी विचारायच्या: माप कोणतं, किती दिवसांचं, आणि किती मिनिटं बघितलेला माणूस मोजला. कुणी एक मिनिट धरतं, कुणी तीन, कुणी पंधरा. यातलं एक जरी वेगळं असलं तरी दोन आकडे शेजारी मांडू नयेत.

धुळे_मैदान:
तापीकाठ भाऊंचं बरोबर शे. त्यात खेळाच्या घडणीची बाजू जोडतो, कारण १८ मिनिटांत चॅनेल का बदललं जातं याचं उत्तर तिथे आहे.

यात्रेतली दंगल डोळ्यांसमोर आणा. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या एकदम चार-पाच चालू असतात, बघणारा नेमकं कुठे बघावं म्हणून भिरभिरतो. मोठी कुस्ती एकटी लागते, तेव्हा सगळा आखाडा गप्प होतो. ॲथलेटिक्सचं सत्र म्हणजे नारळाच्या आणि लाखाच्या कुस्त्या एकाच वेळी लावल्यासारखं आहे. ट्रॅकवर ८०० मीटर, एका टोकाला उंच उडी, मध्ये थाळीफेक. कॅमेरा एकीकडे असला की दुसरीकडची निर्णायक उडी निसटते आणि नंतर तिचं रेकॉर्डिंग दाखवतात. जागतिक स्पर्धेत नऊ दिवसांत ४९ प्रकार बसवायचे म्हटल्यावर दुसरा इलाजही नाही.

भालाफेकीचं गणित मांडतो. पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत १२ जण, प्रत्येकी तीन फेका, म्हणजे ३६. मग पहिले आठ, आणखी तीन-तीन, म्हणजे २४. एकूण ६० फेका. धाव आणि भाल्याचं उडणं धरून एक फेक दहा सेकंदांची. म्हणजे तासाभराहून जास्त चाललेल्या स्पर्धेत प्रत्यक्ष खेळ दहाच मिनिटं. त्यात पाकिस्तानच्या अर्शद नदीमची ९२.९७ मीटर आणि नीरजची ८९.४५ मीटर या दोन्ही फेका दुसऱ्या फेरीतच झाल्या. नीरजच्या बाकी पाचही फेका फाउल. सुवर्ण आणि रौप्य तिथेच ठरलं, पण ते कळायला सहावी फेरी संपावी लागली. जाणकाराला ती वाट बघणंच गोड लागतं. नवख्याला नाही. शिवाय ८०० ग्रॅमचा तो बारीक भाला आकाशात कॅमेऱ्यालाही नीट सापडत नाही. तो कुठे पडला हे आपल्याला जमिनीवर टेकल्यावरच दिसतं, आणि मोजमाप येईपर्यंत थांबावं लागतं.

याच्या उलट ३००० मीटर स्टीपलचेस बघा. आठ-सव्वाआठ मिनिटं, २८ अडथळे, ७ पाण्याच्या उड्या, सगळे एकाच चौकटीत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे ८:११.२० आणि पहिला आलेला केनियाचा किबिवॉट ८:११.१५. पाच शतांश सेकंद! ज्याला नियम माहीत नाहीत तोसुद्धा शेवटच्या लॅपला उभा राहील. खेळ कमी पडत नाही. मांडणी आणि वेळापत्रक कमी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण, मोठे खेळाडू समोरासमोर येत नाहीत. एफ-वनमध्ये वर्षाला २४ शर्यती आणि प्रत्येकीत तेच चालक. ॲथलेटिक्समध्ये मोठा धावपटू वर्षात मोजक्याच शर्यती धावतो, आणि कुठे धावायचं ते तो आणि त्याचा व्यवस्थापक ठरवतात. २०१० पासून डायमंड लीग ही वेगवेगळ्या शहरांतली स्पर्धामालिका हे जोडायचा प्रयत्न करते, पण कोणत्या गावी कोणता प्रकार होईल तेही बदलतं. मग प्रेक्षकाने मालिका लावून धरायची कशी?

शहादा_पिटलेन:
एफ-वनची बाजू मांडतो. मालक एक, प्रक्षेपण एक. जगभर जे चित्र दिसतं ते एफ-वनची स्वतःचीच यंत्रणा बनवते. शर्यत मोनॅकोत असो की सिंगापूरला, डावीकडची क्रमवारीची पट्टी तीच, टायरचे रंग तेच: मऊ लाल, मध्यम पिवळा, कडक पांढरा. दहा शर्यती बघितल्या की बघणाऱ्याला ती भाषा आपोआप येते.

ही पट्टी खूप मोठं काम करते. शर्यतीत खरोखर ओव्हरटेक थोडेच होतात. पण मागच्या गाडीचं अंतर ३.१ सेकंदांवरून २.४, मग १.६ असं कमी होताना दिसलं की काहीतरी घडणार हे कळतं. पुढे गेलेला आधी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) जाईल की मागचा आधी जाऊन नव्या टायरवर वेळ काढेल, हा डाव वीस-वीस मिनिटं चालतो. कोरड्या शर्यतीत दोन प्रकारचे टायर वापरणं सक्तीचं असल्याने थांबावं तर लागणारच. चार टायर बदलायला दोन-अडीच सेकंद, एक नट अडकला की दहा. शिवाय चालक आणि संघाचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येतं. ॲथलेटिक्समध्ये ४०० मीटर पळणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कसं कळणार?

लांबीही ठरलेली. मोनॅको सोडून सगळीकडे ३०५ किलोमीटर ओलांडणारे कमीत कमी लॅप, आणि शर्यतीला दोन तासांची मर्यादा. चॅनेलवाल्याला चौकट आयती मिळते.

पण कमजोरीही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये २०१९ पासून जवळपास सगळ्या थेट शर्यती पैसे भरायच्या चॅनेलवर गेल्या, असं बऱ्याच देशांत झालं. पैसा वाढला, वेगवेगळ्या माणसांचा आकडा २०१८ च्या ४९ कोटींवरून वर दिलेल्या ४४.५ वर आला. शिखरसुद्धा ऑलिंपिकएवढं उंच नाही. २०२१ ची अबुधाबीची शेवटच्या लॅपवर ठरलेली शर्यत, तिचा आकडा १०.८७ कोटी. भारतात २०११ ते २०१३ बुद्ध सर्किटवर तीन शर्यती झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या, मग कराच्या वादात बंद पडल्या. घरची शर्यत नाही, घरचा चालक नाही. इथे नीरजचं पारडं जड आहे, हे मान्यच.

चोपडा_वाचनालय:
सगळ्यांचे आभार, डोकं साफ झालं. म्हणजे एफ-वन वर्षभर, ॲथलेटिक्स काही दिवस पण फार मोठं. आता सोयीचं सांगा. रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ सभागृह मोकळं असतं. त्यात काय बसतं?

शहादा_पिटलेन:
युरोपातल्या शर्यती तिथल्या दुपारी तीनला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. आठ-सव्वाआठला संपतात. तुमच्या वेळेत चपखल.

अमळनेरकर:
एक दुरुस्ती, दादा. सिल्व्हरस्टोनला साडेसात, कारण ब्रिटनचं घड्याळ बाकी युरोपच्या एक तास मागे. बाकूची शर्यत साडेचारला, सिंगापूर साडेपाचला, अबुधाबी साडेसहाला. ब्राझील रात्री साडेदहाच्या आसपास, ऑस्टिन मध्यरात्रीनंतर, ती दोन सोडूनच द्या. सिंगापूरची शर्यत २००८ पासून दिव्यांखाली होते, ती मुख्यतः युरोपच्या दुपारी दिसावी म्हणून.

ॲथलेटिक्सची खरी अडचण इथेच आहे. युरोपातल्या डायमंड लीगचे मुख्य दोन तास तिथल्या रात्री आठ ते दहा, म्हणजे आपले साडेअकरा ते दीड. पॅरिसची भालाफेक आपल्याकडे रात्री ११.५५ ला सुरू झाली, बुडापेस्टच्या २०२३ जागतिक स्पर्धेतलीही पावणेबाराला. टोकियो ऑलिंपिकची मात्र शनिवारी दुपारी साडेचारला, आणि ७ ऑगस्ट २०२१ ची नीरजची ती सुवर्णपदकाची ८७.५८ मीटरची फेक चहाच्या वेळी घराघरांत दिसली. वेळ कुणाच्या सोयीची यावर अर्धा प्रेक्षक ठरतो. १९८८ च्या सोलमध्ये १०० मीटरची अंतिम शर्यत अमेरिकेतल्या संध्याकाळसाठी भर दुपारी दीडच्या सुमारास ठेवली होती.

आणि कधीकधी दोन्ही एकमेकांवर येतात. २१ सप्टेंबर २०२५ ला टोकियोतल्या जागतिक स्पर्धेचं शेवटचं संध्याकाळचं सत्र आणि बाकूची शर्यत एकाच वेळी चालू होती.

तापीकाठ:
यंत्रणेचंही सांगतो, नाहीतर ऐनवेळी फजिती होते.

मोबाईलचा पडदा प्रोजेक्टरवर टाकू नका. ॲपमध्ये नक्कल-बंदी असते, आवाज येतो आणि चित्र काळं दिसतं. टीव्हीची स्टिक थेट प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये लावा. डेटा धरा: ३ एमबीपीएसला तासाला १.३५ जीबी, ५ ला २.२५. दोन तासांच्या शर्यतीला रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक मध्येच संपतो, म्हणून फायबर जोडणी किंवा वेगळं सिम हवंच. ॲपचं चित्र थेट घटनेच्या अर्धा-एक मिनिट मागे असतं, तेव्हा हॉलमध्ये मोबाईल बंद ठेवायला सांगा, निकाल आधी फुटतो. वीज गेली तर: प्रोजेक्टर २८० वॅट, स्पीकर ६०, राउटर १५, मिळून ३५५. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, धरायचे हजार. पावणेतीन तास चालेल, पंखा लावला नाही तर.

ऑलिंपिकसाठी हे काही नको. पॅरिस ऑलिंपिक डीडी स्पोर्ट्सवर होतं, आणि फ्री डिशवर महिन्याचे पैसे लागत नाहीत.

तिकीट लावू नका. परवान्याशिवाय पैसे घेऊन प्रक्षेपण दाखवणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे उल्लंघन ठरतं. फुकट दाखवायचं तरी घरगुती वर्गणीच्या अटी आधी वाचा, सार्वजनिक ठिकाणी बहुतेक कंपन्या मनाई करतात. लेखी विचारून घ्या.

धुळे_मैदान:
क्रम असा ठेवून बघा. सहा ते साडेसहा, त्या आठवड्यातल्या डायमंड लीगचे अधिकृत यूट्यूबवर आलेले तुकडे: एक १५०० मीटर, एक स्टीपलचेस, भालाफेकीच्या चांगल्या पाच-सहा फेका. आधी फळ्यावर लिहून ठेवा: १५०० मीटरचा विश्वविक्रम ३ मिनिटं २६ सेकंद, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी ५५ सेकंदांत. १६०० पळणाऱ्या पोराला स्वतःच्या फेरीची वेळ पाठ असते, त्याला आणखी काही समजवावं लागत नाही. साडेसहाला शर्यत लावा. पहिल्या दिवशी शहादा_पिटलेन सांगतात ते टायरचे रंगही त्याच फळ्यावर लिहा. बाकूच्या रविवारी हॉल चारला उघडावा लागेल, आणि सिल्व्हरस्टोनच्या रविवारी ॲथलेटिक्सला तासभर जास्त मिळेल. त्या दिवशी भालाफेक सगळीच्या सगळी दाखवा.