ऑनलाइन मते मागवण्याआधी प्रशासनाने कोणते बंधन स्वीकारावे?

प्रश्न

एका स्थानिक स्वराज्य संस्थेला नागरिकांची मते ऑनलाइन मागवण्याची व्यवस्था उभारायची आहे आणि तिचा आराखडा ठरवणाऱ्या गटात मी काम करतो. अशाच एका जुन्या प्रयत्नातही मी सहभागी होतो. त्या वेळी रस्ते आणि मोकळ्या जागांच्या आराखड्यावर सूचना मागवल्या होत्या. लोकांनी मनापासून लिहिले, काहींनी तर स्वतः नकाशे काढून जोडले, पण त्या सूचनांचे पुढे काय झाले हे कोणालाही कळवले गेले नाही. वर्षभराने दुसऱ्या विषयावर मते मागवली तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही फिरकले नाही, आणि मला त्यांना दोष देता आला नाही.

आता पुन्हा गटातली सगळी चर्चा अ‍ॅप कसे दिसावे आणि नोंदणी कशी करावी याभोवतीच फिरत आहे. तंत्र निवडण्याआधी कोणत्या गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात? या विषयाचा अभ्यास किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १

आपल्या जुन्या प्रयत्नात उणीव तंत्राची नव्हती. आलेल्या सूचनेला उत्तर देण्याचे बंधन कोणावरच नव्हते, हे तिचे मूळ आहे. म्हणून किती पाठिंबा मिळाल्यावर कोणी, किती दिवसांत आणि काय करायचे, हे सर्वप्रथम ठरवावे. फिनलंडमध्ये 2012 पासून नागरिकांच्या प्रस्तावाला सहा महिन्यांत 50,000 स्वाक्षऱ्या मिळाल्या तर तो संसदेपुढे ठेवता येतो आणि संसदेला त्याची दखल घ्यावी लागते. स्वाक्षऱ्या ऑनलाइनही करता येतात. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा तिथला कायदा याच वाटेने आला आणि 2017 मध्ये लागू झाला. ब्रिटिश संसदेच्या याचिकांसाठी दोन पायऱ्या आहेत: 10,000 स्वाक्षऱ्यांना सरकार लेखी उत्तर देते, तर 1,00,000 झाल्यावर सभागृहातील चर्चेसाठी याचिकेचा विचार होतो. मागणी फेटाळली गेली तरी ती का फेटाळली हे वाचायला मिळते, आणि माझ्या मते पुन्हा मत देण्याची इच्छा टिकवण्यात याचा मोठा वाटा असतो.

उंबरठा, म्हणजे किमान पाठिंब्याची अट, मात्र फार उंच ठेवू नये. माद्रिदच्या महापालिकेने 2015 मध्ये सुरू केलेल्या व्यवस्थेत सोळा वर्षांवरील रहिवाशांपैकी एक टक्का लोकांचा पाठिंबा आवश्यक होता. ऐकायला हे प्रमाण किरकोळ वाटते, पण त्याचा अर्थ सुमारे 27,000 लोक असा होता. हजारो प्रस्ताव आले आणि 2017 च्या मतदानापर्यंत त्यांपैकी केवळ दोन पोहोचले. बाकीच्यांनी घेतलेले कष्ट तसेच पडून राहिले.

उत्तर २

बंधन हवेच, हे मला मान्य आहे. परंतु ज्या चर्चेत दोन तट एकमेकांवर तुटून पडतात, त्या चर्चेच्या निष्कर्षाला बांधून घेणे प्रशासनाला शक्यही नसते आणि योग्यही नसते. त्यामुळे चर्चेच्या रचनेला मी बंधनाइतकेच महत्त्व देतो.

या बाबतीत तैवानचा अनुभव बारकाईने पाहावा. 2014 च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तिथल्या स्वयंसेवी प्रोग्रामरांनी सरकारच्या साहाय्याने 'व्ही-तैवान' ही प्रक्रिया उभी केली आणि तिच्यात 'पोलिस' नावाचे साधन वापरले. नाव ऐकून गैरसमज होऊ शकतो म्हणून सांगतो, नगरराज्य या अर्थाचा हा ग्रीक शब्द आहे. या साधनात प्रत्येकाने एक लहान विधान लिहायचे आणि इतरांनी त्याला 'सहमत', 'असहमत' किंवा (मत द्यायचे नसेल तर) 'पुढे' असे म्हणायचे. कोणाच्या विधानाखाली प्रत्युत्तर लिहिण्याची सोयच नाही. ती मुद्दाम ठेवलेली नाही, कारण प्रत्युत्तर आले की वाद मुद्द्यावरून माणसावर घसरतो. लोकांनी दिलेल्या कौलांवरून संगणक समान मतांचे गट पाडतो आणि परस्परविरोधी गटांनाही जी विधाने पटली ती वर आणतो. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांऐवजी सर्वांना जोडणारे मुद्दे पुढे यावेत, हे या रचनेमागचे सूत्र आहे. 2015 मध्ये उबरसारख्या सेवांवर अशी चर्चा झाली. सेवा हवी की नको यावर लोक दुभंगलेले होते, पण प्रवाशांचा विमा, चालकांचा परवाना आणि कर या मुद्द्यांवर व्यापक सहमती सापडली. पुढे नियम करताना सरकारने तिचा आधार घेतला.

यासाठी प्रश्न खुला असावा लागतो. 'हा आराखडा आपल्याला मान्य आहे का?' असे विचारले तर होकार किंवा नकार याखेरीज हाती काहीच लागत नाही.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांत, जे लोक आले त्यांचे काय करायचे, याचा विचार आहे. माझे लक्ष जे आले नाहीत त्यांच्याकडे आणि माणूस नसतानाही ज्यांची नोंद झाली त्यांच्याकडे जाते. अमेरिकेत 2017 मध्ये इंटरनेट समानतेच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक द्यावी या) नियमांवर सुमारे 2 कोटी 20 लाख प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्ता कार्यालयाच्या 2021 च्या अहवालानुसार त्यांपैकी जवळपास 1 कोटी 80 लाख बनावट होत्या, आणि त्यांतल्या 77 लाखांहून अधिक एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रोग्राम वापरून पाठवल्या होत्या. म्हणून प्रतिक्रियांची संख्या हा निकष ठेवायचा असेल तर ओळख पडताळणी अटळ आहे. मात्र पडताळणी एकदाच व्हावी आणि ती करणाऱ्या यंत्रणेला कोणी काय मत दिले हे दिसू नये. कंत्राटदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या विरोधात लिहिणाऱ्याचे नाव उघड झाले, तर पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही. एस्टोनियाच्या ऑनलाइन मतदानात मतदार मुदतीत पुन्हा मत देऊ शकतो आणि त्याचे शेवटचे मतच धरले जाते. कोणी शेजारी बसून दबावाखाली मत द्यायला लावले असेल, तर ते नंतर बदलता यावे यासाठी ही तरतूद आहे.

अनुपस्थितांसाठी बार्सिलोनाचा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. 2016 मध्ये शहराचा आराखडा ठरवताना तिथे 'डेसिडिम' ही मुक्त स्रोत (जिचा प्रोग्राम कोणालाही पाहता आणि वापरता येतो अशी) प्रणाली वापरली गेली. या कातालान शब्दाचा अर्थ 'आम्ही ठरवतो' असा आहे. वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष बैठकाही घेतल्या आणि तिथे आलेले प्रस्ताव त्याच प्रणालीत नोंदवले, त्यामुळे सभेत बोललेल्या आणि घरातून टंकलेल्या प्रस्तावांचा माग सर्वांना एकाच ठिकाणी घेता येत होता. ज्यांच्या हाती फोन नाही किंवा ज्यांना लिहिताना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी कागदाचा वेगळा ढीग करून चालत नाही, कारण तो ढीग कोणी उघडत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. आपल्या उत्तरांच्या आधारे मी गटापुढे तीन लेखी प्रस्ताव ठेवणार आहे. पहिला, ठरलेला पाठिंबा मिळालेल्या प्रत्येक सूचनेला संबंधित विभागप्रमुखाने स्वतःच्या पदनामासह, स्वीकार किंवा नकाराचे कारण देऊन, साठ दिवसांत जाहीर उत्तर द्यावे. दुसरा, सभेत तोंडी आलेली सूचना त्याच दिवशी त्याच यादीत नोंदवावी. तिसरा, ओळख पडताळणीची नोंद आणि मतांची नोंद वेगवेगळ्या ताब्यात असावी. पहिल्या प्रस्तावाला विरोध होईल याची मला कल्पना आहे, कारण नकाराचे कारण स्वतःच्या पदनामाने लिहून देण्याची सवय फार थोड्यांना आहे. पण तो वगळायचा झाल्यास ही व्यवस्था सुरूच करू नये, असे मत मी इतिवृत्तात नोंदवणार आहे.

उंबरठ्याच्या बाबतीत एक शंका मात्र शिल्लक आहे. लहान वस्तीतील दीडशे घरांचा पाण्याचा प्रश्न संपूर्ण शहराच्या प्रमाणात कधीच पुरेसा पाठिंबा मिळवू शकणार नाही. मग उंबरठा शहराऐवजी प्रभागाच्या लोकसंख्येवर ठरवावा का? तसे केल्यास एकाच प्रस्तावाचे प्रभागवार तुकडे पाडून तो रेटण्याचा मार्ग मोकळा होईल का? उत्तर १ देणाऱ्यांनी यावर आणखी लिहावे, ही विनंती.