प्रश्नावलीने सांगितलेल्या पद्धतीनेच अभ्यास करावा का?

प्रश्न (एमबीबीएस प्रथम वर्ष, जळगाव)
फाउंडेशन कोर्समध्ये आमच्याकडून ‘वार्क’ची प्रश्नावली भरून घेतली होती. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून अशा शिकण्याच्या चार प्रकारांपैकी माझा प्रकार ‘ऐकून’ असा निघाला. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण पारोळ्याला मराठी माध्यमात झाले असल्याने इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचायलाही मला फार वेळ लागतो. म्हणून पुस्तक बाजूला ठेवून मी मोबाईलवर व्याख्यानेच ऐकत राहिले. परवा तोंडी परीक्षेत हातात क्लॅव्हिकल (गळ्याखालचे हाड) दिले, तेव्हा ते उजवे की डावे हे मला सांगता आले नाही. माझा प्रकार चुकीचा निघाला असेल का?

उत्तर १ (शरीररचनाशास्त्राचा शिक्षक, धुळे)
न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ही प्रश्नावली कसे शिकायला आवडते एवढेच सांगते. आवडीच्या प्रकाराने शिकवल्यास अधिक लक्षात राहते, याला पुरेसा पुरावा नसल्याचे मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून मांडले आहे. पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, त्यातही आपापल्या प्रकाराप्रमाणे अभ्यास करणाऱ्यांना जास्त गुण मिळाल्याचे दिसले नाही.

तुझ्या प्रश्नात मला महत्त्वाचे वाटले ते इंग्रजी पानाचे. तुला ऐकणे सोपे जाते ते कदाचित वाचनाचा वेग कमी असल्यामुळे, आणि तो वेग रोज दोन पाने वाचून वाढतो. त्याला कायमचा प्रकार समजू नकोस. क्लॅव्हिकल मात्र हातातच घ्यावे लागेल. जाड, गोलसर टोक छातीच्या मध्याकडे, चपटे टोक खांद्याकडे, खोबण असलेली बाजू खाली आणि आतल्या दोन तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे, असे धरून आपल्याच गळ्याखालच्या हाडाशी लावून पाहा. डोळे मिटून दहा वेळा केलेस की पुन्हा चुकणार नाहीस.

उत्तर २ (इंटर्न, नंदुरबार)
सरांशी सहमत आहे. साधन विषयाने ठरते, ताई. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्यावर येणारा, मर्मर (आवाज) पुस्तकात कितीही वाचला तरी, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची बेल टेकवल्याशिवाय तो कानात बसत नाही. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, मात्र कोऱ्या कागदावर सी ५ पासून टी १ या मज्जारज्जूच्या नसांपर्यंत स्वतः काढल्याशिवाय येत नाही. मराठी माध्यमाचे ओझे मनावर घेऊ नका. ओपीडीत आजीबाई ‘पोट दुखस’ म्हणतात, तेव्हा पुढची हिस्ट्री अहिराणीतच घ्यावी लागते.

उत्तर ३ (द्वितीय वर्ष, धुळे)
एक भर घालतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्याने आठवून लिहिणारेच पुढे होते. म्हणून व्याख्यान जरूर ऐका. संपताच मात्र मोबाईल बंद करून आठवेल तेवढे मराठीत का होईना लिहून काढा, आणि राहिलेले मुद्दे मग पुस्तकात शोधा. तेवढीच दोन पाने इंग्रजीत वाचली जातील.