लिनक्स बसवताना घोडं कुठे अडलं? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट बसवलं. (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचे अनेक अवतार: मिंट, रेड हॅट, उबुंटू, डेबियन, आर्च, फेडोरा.) पेनड्राइव्ह लावल्यापासून त्यांचं बातम्यांचं पान उघडेपर्यंत अर्धा तासही लागला नाही. भाषा, वेळ, नाव, पासवर्ड, झालं. बाबांची शंका एकच: "यातनं लाइट बिल छापता येईल ना?"

मला मात्र २००३ सालचं रेड हॅट ९ आठवत राहिलं. तीन सीड्या, त्याही मैत्रिणीकडून कॉपी करून आणलेल्या, दुसरीवर ओरखडा. आणि मॉनिटरची सिंक रेंज (चित्र किती वेगाने रंगवता येतं ते आकडे) विचारणारा तो पडदा! टॉर्च मारून मॉनिटरच्या पाठीवरचे आकडे वाचले होते. आकडा चुकला तर मॉनिटर जळतो, असं एका सीनियरने सांगून ठेवलेलं, त्यामुळे 'नेक्स्ट' दाबताना पोटात गोळा.

तुमचं सांगा. नुसतं "सोपं आहे हो" नको, नेमकं कुठल्या पायरीवर अडलात ते लिहा.

कृष्णाकाठ

आमच्याकडे तेव्हा डायल-अप. ७०० एमबी उतरवायचे म्हणजे फोनच्या बिलावरून घरात महाभारत. म्हणून उबुंटूची पोस्टाने येणारी फुकट सीडी मागवली. शिपइट म्हणायचे त्या योजनेला, २०११ मध्ये बंद झाली. कित्येक आठवड्यांनी पाकीट आलं तेव्हा पोस्टमनकाकांनीच विचारलं, "परदेशातनं फुकट काय पाठवतात रे तुला?"

६.०६ होतं ते, डॅपर ड्रेक. सीडीवरूनच अख्खा डेस्कटॉप चालू झाला आणि तिथेच 'इन्स्टॉल'चं चित्र. एकीकडे इन्स्टॉल चाललंय, दुसरीकडे मी पत्ते खेळतोय. त्याआधी जुन्या इन्स्टॉलरच्या निळ्या पडद्यावर बाणाची बटणं दाबत बसलेल्यांनाच यातली मजा कळेल.

टर्मिनलवाली

डेबियन. दोनदा अडले, दोन्ही वेळा उत्तर समोरच होतं.

पहिल्यांदा वायफाय. इन्स्टॉलरने फर्मवेअरच्या (वायफायची चिप चालवणारा छोटा प्रोग्राम) फाइलचं नाव दाखवलं आणि म्हणाला, आण. ती आणायची नेटवरून आणि नेट चालू व्हायला तीच फाइल हवी! शेवटी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. २०२३ च्या डेबियन १२ पासून अशी फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतात, त्यामुळे नव्या मंडळींची यातून सुटका.

दुसऱ्यांदा रूटचा (सर्व अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड. विचारला म्हणून दिला. मग पहिल्याच सुडोला (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवायची सोय) उत्तर आलं की तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, या घटनेची नोंद केली जाईल. घरात मी एकटी, नोंद कोणाकडे? तो रकाना रिकामा सोडला तर सुडो आपोआप मिळतो. तिथे तसं लिहिलेलंही असतं, आपण वाचत नाही.

इन्स्टॉलर मराठीतही आहे, हौसेने तोच निवडला. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये अक्षरं छान दिसतात. पण नंतर एकदा डेस्कटॉप उठेना, काळ्या कन्सोलवर (नुसत्या अक्षरांचा पडदा) गेले तर संदेशांत देवनागरीच्या जागी नुसत्या चौकटी. आता इंग्रजीत बसवते आणि मराठी मागाहून चढवते.

उशिरा_उठणारा

आर्च. दोन संध्याकाळी. पार्टिशन (डिस्कचे भाग), पॅकस्ट्रॅप (मूळ पॅकेजं उतरवणं), जेनएफस्टॅब (त्या भागांची यादी), क्रूट (नव्या सिस्टममध्ये शिरणं), ग्रब (मशीन उठवणारा प्रोग्राम), सगळं विकी वाचून बिनचूक. रीबूट केलं, लॉगिन आलं, एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की नेटवर्क मॅनेजर टाकलेलाच नाही. पेनड्राइव्हवर नेट चालत होतं ते त्याच्या घरचं, माझ्या घरी चूल पेटायची होती. पुन्हा पेनड्राइव्ह, माउंट (डिस्क जोडणं), क्रूट, एक पॅकेज, बाहेर.

२०२१ पासून आयएसओमध्ये (पेनड्राइव्हवर उतरवायची इन्स्टॉलरची फाइल) आर्चइन्स्टॉल आहे, मेनूतून निवडत जायचं. पण पहिल्यांदा तरी हाताने करा. पुढे मशीन उठलं नाही तर क्रूट करून आत शिरायची भीती उरत नाही.

सातच्या_आत

फेडोरा. सगळं निवडलं आणि 'डन' बटण सापडेना. दहा मिनिटं खाली उजवीकडे शोधतोय, ते वर डाव्या कोपऱ्यात! फेडोरा ४२ च्या वर्कस्टेशन आवृत्तीत इन्स्टॉलर नवा आलाय म्हणे.

फणसगरे

भाच्याचा नवा लॅपटॉप. उबुंटूच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. डिस्क आरएसटी मोडमध्ये (इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत) होती, बायोसमध्ये (मशीनची मूळ सेटिंग) ते बदलून साधं एएचसीआय करावं लागतं. ते आधी केलं तर विंडोज उठत नाही, म्हणून अगोदर विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बदल करायचा. एवढं करूनही बिटलॉकरने (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली मागितली. भाचा म्हणतो, "मामा, ती कुठे असते?" त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली म्हणून वाचलो. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

अर्धाकप

माझं इन्स्टॉलपर्यंत गेलंच नाही. डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने पेनड्राइव्ह बनवताना 'ओएफ'समोर (कुठे लिहायचं ते) एसडीसी, म्हणजे पेनड्राइव्हऐवजी, एसडीबी लिहिलं. एसडीबी म्हणजे बाहेरची हार्डडिस्क, त्यात ताईच्या लग्नाचे फोटो. डीडी काही विचारत नाही, मुकाट लिहीत जातो.

टर्मिनलवाली

@अर्धाकप, आयएसओ दोन-तीन जीबीचीच ना? बाकीची डिस्क शाबूत असेल. फोटोरेक (गेलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्राम) चालवून पाहिलंत का?

अर्धाकप

चालवला. बरेचसे परत आले, पण फाइलींची नावं गेली आणि सगळे सोहळे एकमेकांत मिसळले. हळद कुठली आणि साखरपुडा कुठला, ते ताई साड्यांवरून लावून देतेय.