एचडीआर चालू केले की चित्र फिकट दिसते: दोष मॉनिटरचा, विंडोजचा की गेमचा?

प्रश्न

नमस्कार. अनेक वर्षे साध्या एसडीआर (म्हणजे नेहमीच्या, मर्यादित उजेडाच्या) मॉनिटरवर गेम खेळल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी मी २७ इंची आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) मॉनिटर घेतला, आणि खरे सांगायचे तर खोक्यावर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ असे छापलेले होते म्हणूनच घेतला. विंडोजमध्ये एचडीआर (गडद आणि उजळ छटांमधले अंतर वाढवून दाखवणारी पद्धत) चालू केल्याबरोबर काचेवरून कोणी दुधाचा बोळा फिरवावा तसा सगळा डेस्कटॉप पांढुरका झाला. मॉनिटरच्या मेनूतली ब्राइटनेसची पट्टीही एचडीआरमध्ये बंद पडते, त्यामुळे तिथून काही सुधारावे म्हटले तर तीही सोय नाही.

गेममधली परिस्थिती याहून निराशाजनक आहे. मी सध्या खेळत असलेल्या गेममध्ये मशाल घेऊन गुहेत उतरण्याचा एक प्रसंग आहे. एसडीआरमध्ये मशालीच्या उजेडापलीकडचा अंधार खरोखर अंधारासारखा दिसतो. एचडीआरमध्ये मात्र तो राखाडी होतो आणि मशालीची ज्योत म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. हाच गेम मी कन्सोलवर, एका चांगल्या टीव्हीवर पाहिलेला आहे आणि तिथे ज्योतीतले पिवळे, नारिंगी पदर वेगवेगळे दिसत होते. त्यामुळे गेमकर्त्यांनी कामच केलेले नाही, असेही म्हणता येत नाही.

गेमच्या सेटिंगमध्ये ‘कमाल उजळपणा’ आणि ‘पेपर व्हाइट’ अशा दोन पट्ट्या आहेत. त्या इकडून तिकडे सरकवण्यातच रोजचा अर्धा तास जातो आणि खेळणे बाजूलाच राहते. मॉनिटर परत करण्याची मुदत आता उलटून गेली आहे. नेमके कुठे चुकते आहे, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

पहिले उत्तर

आपल्या दोन तक्रारींपैकी गुहेच्या तक्रारीचे मूळ मॉनिटरमध्येच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

एसडीआरमध्ये सिग्नल मॉनिटरला फक्त प्रमाण सांगतो: तुझी जी काही क्षमता असेल तिच्या इतके टक्के उजेड दे. एचडीआर१० या एचडीआरच्या प्रचलित प्रकारात सिग्नलचे उजेडात रूपांतर करणारा पीक्यू वक्र मात्र थेट आकडा सांगतो: हा पिक्सेल २०० निट्सचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक), तो १००० निट्सचा, आणि ही मोजपट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते. ब्राइटनेसची पट्टी बंद होण्याचे कारण हेच आहे. उजेड किती हवा हे सिग्नलच ठरवत असल्यामुळे बऱ्याच मॉनिटरांमध्ये ती पट्टी काढून घेतलेली असते.

आता आपल्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे प्रमाण, १०००:१ आहे असे धरू, कारण बहुतेक आयपीएस पॅनेलांचा तो त्याच आसपास असतो. एसडीआरमध्ये आपण १२० निट्सवर खेळत असाल, तर त्या वेळी काळा रंग ०.१२ निट्सचा असतो. एचडीआरमध्ये ज्योतीसाठी बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) ४०० निट्सपर्यंत चढला, की तोच काळा ०.४ निट्सचा होतो, म्हणजे तिपटीहून अधिक उजळ. ज्योतीपुरताच बॅकलाइट वाढवून बाकीचा पडदा अंधारात ठेवायचा, तर बॅकलाइटचे स्वतंत्रपणे मंद होणारे विभाग लागतात. त्यालाच लोकल डिमिंग म्हणतात. वेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआरच्या श्रेणी जाहीर केल्या, तेव्हा सर्वांत खालच्या ४०० च्या श्रेणीसाठी लोकल डिमिंगची अट नव्हतीच. खोक्यावरचा शिक्का खोटा नाही, पण तो ज्या गोष्टीची हमी देतो ती आपल्याला हवी असलेली गोष्ट नव्हे. या शिक्क्याने जितक्या लोकांना एचडीआरविषयी कायमचे नाराज केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा सल्ला कडू वाटेल, पण अशा मॉनिटरवर एचडीआर बंद ठेवून नीट जुळवलेल्या एसडीआरमध्येच खेळावे.

दुसरे उत्तर

वरील स्पष्टीकरण योग्य आहे. तरीही एचडीआर कायमचे बंद करण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण पांढुरका डेस्कटॉप आणि ज्योतीचा पांढरा डाग हे दोन्ही दोष मॉनिटरच्या माथी मारता येणार नाहीत.

डेस्कटॉपचे कारण विंडोजमध्ये आहे. एचडीआर चालू असताना विंडोज साध्या एसडीआर मजकुराचे रूपांतर संगणकावरच्या रंगांसाठीच्या एसआरजीबी मानकातल्या मूळ वक्राने करते, तर एसडीआरमध्ये बहुतेक मॉनिटर २.२ गॅमाच्या, म्हणजे सिग्नलवरून उजेड ठरवणाऱ्या थोड्या वेगळ्या वक्राच्या, जवळपास चालतात. मधल्या छटांमध्ये या दोहोंचा फरक फारसा जाणवत नाही, पण अगदी गडद भागात तो बराच असतो. सिग्नलची पातळी ५ टक्के असेल, तर एसआरजीबीच्या वक्राने येणारा उजेड २.२ गॅमाच्या जवळजवळ तिप्पट भरतो. डोळ्यांना एकाची सवय झालेली असताना दुसरे समोर आले, की सावल्या धुरकट वाटणारच. सेटिंगमधली एसडीआर मजकुराच्या उजळपणाची पट्टी खाली आणल्यास थोडा फरक पडतो. पण डेस्कटॉपवर एचडीआर चालू न ठेवणे हाच सोपा उपाय आहे. विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणे एकत्र दाबली की एचडीआर चालू-बंद होते. गेम सुरू करण्यापूर्वी चालू करावे आणि संपल्यावर बंद करावे.

ज्योतीचे कारण वेगळे आहे. गेमला पडद्याची मर्यादा ठाऊक नसेल, तर तो १००० निट्स किंवा त्याहून मोठा आकडा गृहीत धरतो. ४०० निट्सच्या मॉनिटरकडे हे चित्र आले, की तो एकतर वरचे सगळे छाटून टाकतो, मग ज्योतीतले पदर जाऊन डाग उरतो. नाहीतर स्वतःच्या बुद्धीने ते पुन्हा दाबून बसवतो. एकदा गेमने आणि एकदा मॉनिटरने असे दोनदा टोन मॅपिंग (उजेड पडद्याच्या मर्यादेत दाबून बसवणे) झाले, की सगळेच चित्र निस्तेज होते. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विंडोज ११ साठी एचडीआर कॅलिब्रेशनचे ॲप दिले. त्यात किमान उजेड, कमाल उजेड आणि पूर्ण पडदा उजळल्यावरचा कमाल उजेड या तिन्हींसाठी नमुने दाखवले जातात. नमुना पार्श्वभूमीत ज्या क्षणी विरून जातो, तो आपल्या पडद्याचा खरा आकडा. गेमच्या ‘कमाल उजळपणा’मध्ये तोच भरावा. ‘पेपर व्हाइट’ म्हणजे साधा पांढरा कागद किंवा मेनूतली अक्षरे किती उजळ दिसावीत याचे माप. प्रसारणाच्या क्षेत्रात त्यासाठी २०३ निट्सचा संदर्भ घेतात, मात्र आपल्या मॉनिटरवर तो १५० च्या आसपास ठेवला तर वरच्या छटांना थोडी जागा उरेल.

आणखी एक गोष्ट तपासावी. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये रंगांची व्याप्ती ‘लिमिटेड’ आणि मॉनिटरवर ‘फुल’ अशी विसंगती असेल, तर काळा राखाडीच दिसणार. एवढ्याशा चुकीपायी मी स्वतः एक आख्खा रविवार घालवला आहे.

तिसरे उत्तर

थोडक्यात लिहितो, कारण अशा चर्चेत ‘ओलेड घ्या’ हा सल्ला लवकरच येतो. माझ्याकडे ओलेड, म्हणजे बॅकलाइट नसलेला, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारा मॉनिटर आहे. गुहेचे म्हणाल तर प्रश्न मिटतो, कारण त्यात पिक्सेल खरोखर विझतो. पण माझ्या मॉनिटरमध्ये ‘ट्रू ब्लॅक ४००’ आणि ‘पीक १०००’ असे दोन मोड आहेत. १००० चा आकडा पडद्याच्या दोन-तीन टक्के भागापुरताच खरा असतो. पूर्ण पडदा पांढरा झाला तर उजेड २५० निट्सच्या आसपास उतरतो. बर्फाळ मैदानाच्या प्रसंगात मी वर आकाशाकडे पाहिले, की सूर्यावर ढग यावा तसा सगळा पडदा मंदावतो. शेवटी ४०० चाच मोड कायम ठेवला आहे. त्यात दिवसाचे प्रसंग अधिक स्थिर दिसतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळे करून पाहिले. व्याप्ती खरोखरच ‘लिमिटेड’ होती. ती बदलताच दुधाचा निम्मा थर उतरला. कॅलिब्रेशनमध्ये नमुना ४२० च्या थोडा पुढे विरला आणि गेममध्ये मात्र १००० भरलेले होते. तिथे ४२० आणि पेपर व्हाइट १५० केल्यावर ज्योतीत पुन्हा पदर दिसू लागले, ढगांच्या कडाही परत आल्या. गुहेचा अंधार मात्र पूर्वी होता तसाच राखाडी आहे. तेव्हा दिवसाच्या प्रसंगांना एचडीआर आणि गुहेत शिरताना एसडीआर, अशी कसरत सध्या चालू आहे. पुढे कधी मॉनिटर बदललाच, तर ओलेडऐवजी मिनी-एलईडीचा (बॅकलाइटमध्ये छोट्या दिव्यांचे अनेक विभाग असलेल्या मॉनिटरचा) विचार करावा का?

पहिले उत्तर देणारे

करावा, पण विभागांची संख्या पाहून. ११५२ विभाग म्हटले की आकडा भारदस्त वाटतो. मात्र ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे एका विभागाच्या वाट्याला ७२०० पिक्सेल येतात. एखादी चांदणी त्यातले जेमतेम चार-पाच पिक्सेल व्यापते, आणि उजळतो मात्र तो सगळा विभाग. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या उपशीर्षकांभोवती प्रभा दिसते ती यामुळेच. काठाने बॅकलाइट असलेल्या स्वस्त मॉनिटरांत तर आठ किंवा सोळाच विभाग असतात; त्यापेक्षा लोकल डिमिंग नसलेले बरे.

काही गेमांमध्ये अंधाराची पातळीच उंच ठेवलेली असते, आणि ती कुठल्याही पडद्यावर राखाडीच दिसते, हेही लक्षात असू द्यावे. रेनोडीएक्स किंवा स्पेशल के यांसारख्या, हौशी लोकांनी बनवलेल्या साधनांनी त्यातले काही गेम सुधारता येतात, पण ऑनलाइन गेममध्ये ती वापरू नयेत. फसवणूक रोखणारी यंत्रणा त्यांना आक्षेप घेऊ शकते.

नवा मॉनिटर निवडताना एचडीआर चालू करून पडदा पूर्ण काळा करावा आणि त्यावरून माउसचा पांढरा बाण हळूहळू फिरवावा. बाणाबरोबर उजेडाचा ठोकळा किती मोठा सरकतो आणि तो बाणाच्या मागे किती रेंगाळतो, ते खोलीतले दिवे मालवून पाहावे.