रूमवर स्वयंपाकाची चढाओढ लावली, पण एक गडी बाहेर पडला. काय करू?

उद्यमबागकर:
नमस्कार मंडळी. मी कणकुंबीकडचा, बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. अनगोळात आम्ही चौघं रूम करून राहतोय. मे महिन्यात हिशोब बघितला, तर माझे एकट्याचेच खानावळीला साडेतीन हजार गेलते. वर पोट कायम बिघडलेलं. रूमवर शेगडी, कुकर, तवा सगळं आहे, पण कामावरून आल्यावर उठतंय कोण?

म्हणून मी चढाओढ काढली. गुगल शीटवर चौघांचे चार रकाने. भात-आमटी केली की एक गुण, भाजी-भाकरीला तीन. रात्री ९ च्या आत फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि जेवणाऱ्यांनी दहापैकी मार्क द्यायचे. महिन्याअखेर जो शेवटी, त्यानं सिलिंडरचे पैसे भरायचे.

पहिले पंधरा दिवस काय सांगू! आधी आठवड्यातून दोनदा पेटणारी शेगडी रोज पेटायला लागली. आमचा गोकाकचा गडी कन्नड बोलणारा. त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावून येण्णेगायी केली, शेंगदाणे, तीळ, कारळं कुटून भरलेली वांगी. मी गावाकडचं कुळथाचं पिठलं केलं, तर कढईला काही उरलं नाही.

मग बिघडलं. निपाणीच्या पोराची भाकरी दर वेळी फाटायची. त्याला कधी चार मार्क, कधी तीन. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "तुम्ही करा, मी बाहेर खाऊन येतो." तो आमच्यात सगळ्यात लहान, १९ वर्षांचा. त्या रात्री तो बाहेरही जेवला नव्हता, उपाशीच झोपला होता, हे मला नंतर कळलं. ते मला फार लागलंय. सगळ्यांना घरचं मिळावं म्हणून काढलेला खेळ, आणि त्यातच एक जण ताटावरून उठला.

शिवाय मी स्वतः सलग दिवस मोजणारं एक ॲप लावलं होतं. २२ दिवस झाले, मग सेकंड शिफ्ट लागली, एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर. त्यानंतर ते उघडावंसंच वाटेना.

खेळ बंद करू की नियम बदलू?

शहापूरची काकू:
बाळ, आधी ते मार्क बंद कर. आमच्या भिशीत आम्ही बारा जणी. एका श्रावणात आम्हीही मार्कांची स्पर्धा ठेवली होती, आणि पुढच्या वर्षी दोघी आल्याच नाहीत. आता एकच विचारतो, "यातलं परत काय खायचं?" जिचा पदार्थ ठरतो, तिनं तो बाकीच्यांना शिकवायचा.

आणि त्या पोराची भाकरी का फाटते ते बघा की. गव्हाच्या पिठाला जो चिकटपणा असतो तो जोंधळ्याला नसतो, म्हणून पाणी कढत लागतं, नुसतं कोमट चालत नाही. परातीत पिठाच्या मधोमध उकळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवून पाच मिनिटं झाकायचं, मग तळव्यानं रगडून मळायचं. पीठ जुनं असलं तरी भाकरी चिरते, तेव्हा गिरणीतून दोन-दोन किलोच दळून आणा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. सुरुवातीला तळहाताएवढीच थापू दे त्याला. गोकाकच्या पोराला शेजारी उभा कर आणि भाकरी जमली की गुण दोघांनाही द्या.

खानापूरचा मास्तर:
काकूंचं पटलं. बी.एड.ला शिकलेला एक प्रयोग आठवला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढं मोकळ्या वेळेत हीच मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली.

तेव्हा सिलिंडरची शिक्षा काढून टाका, खर्च चौघांत वाटा. बक्षीस द्यायचंच तर न सांगता द्या. एखाद्या रविवारी सगळ्यांसाठी कुंदा आणा, बस्स. ज्याला मुळात गोडीच नाही त्याला सुरुवातीला गुणांचा धक्का लागतो हे खरं, पण तुमची पोरं आता त्या पुढं गेलीत.

टिळकवाडी_कोडर:
ॲपबद्दल सांगतो. एका चुकलेल्या दिवसानं सगळं शून्य होणं शिफ्टवाल्याला परवडत नाही. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपमध्येसुद्धा दिवस चुकला तरी साखळी वाचवायला 'स्ट्रीक फ्रीझ' असतो. तुम्ही 'आठवड्यातून चार दिवस' असं धरा, कुठलेही चार. हॅबिटिका या सवयींचा खेळ करणाऱ्या ॲपमध्ये टोळी करून राक्षसाशी लढता येतं, पण एकाचं काम चुकलं तर मार सगळ्या टोळीला बसतो. तुमच्या धाकट्यासाठी ते नको. कुकपॅड या रेसिपींच्या ॲपवर दुसऱ्याची रेसिपी करून बघितली की फोटो टाकता येतो, तिथं तुलना कमी आणि कौतुक जास्त. पण खरं म्हणजे तुमची शीटच पुरे. फक्त चार रकान्यांचा एक करा, 'या आठवड्यात रूमवर किती जेवणं झाली'. मागच्या आठवड्याच्या पुढं जायचं, एवढीच चढाओढ.

उद्यमबागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मार्कांचा रकाना पुसला. निपाणीच्या पोराला मी सरळ सांगितलं, चूक माझी झाली. तो काही बोलला नाही, पण सकाळी त्यानंच विचारलं, जोंधळं कुठल्या गिरणीत देऊ? दोन किलो दळून आणलंय. आज सगळ्यांची फर्स्ट शिफ्ट, संध्याकाळी चौघंही रूमवर आहोत.

काकू, मीठ पिठात घालायचं की पाण्यात?

शहापूरची काकू:
पाण्यात, चिमूटभर. आणि पहिली भाकरी त्यालाच वाढा.