मदत हवी आहे: डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय मॉनिटरला 4के 60 हर्ट्झ कसं मिळवायचं?

बाबांच्या डीटीपीच्या कामासाठी ऑफिसात वापरलेला छोटा डेस्कटॉप घेतलाय, मागे व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट आहेत (एक कोपरा तिरका कापलेला असतो ना, तेच), एचडीएमआय नाहीच आणि नवीन 4के मॉनिटरला नेमकं फक्त एचडीएमआय. मित्राकडचा साधा कन्व्हर्टर लावला तर चित्र येतं पण 4केला 30 हर्ट्झच (म्हणजे सेकंदाला 30 वेळाच चित्र बदलतं), माऊस फरफटत येतो, आणि 1080पी केलं की 60 मिळतात पण मग बारीक टाइपातले रफार, अनुस्वार पुसट दिसतात, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यामुळे हे चालणारच नाही.

वाचल्यावर एवढं कळलं की डिस्प्लेपोर्ट 1.2 मधून 4के 60 निघतं, पण साधा पॅसिव्ह कन्व्हर्टर बहुतेक एचडीएमआय 1.4 पुरताच असतो, म्हणून एचडीएमआय 2.0 वाला अ‍ॅक्टिव्ह (आत सिग्नल बदलणारी चिप असलेला) घ्यावा लागतो. दुकानदार म्हणतो सगळे सारखेच, ते मला पटत नाही.

असा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर कुणी रोज वापरतंय का? मध्येच स्क्रीन काळी होते का? पुढे 3 मीटरची एचडीएमआय केबल चालेल की 60 साठी छोटीच घ्यावी? बाबांचं काम अडलंय, प्लीज सांगा.