शिक्षकांच्या कामाच्या अटींसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा हवा, की आहे त्याच कायद्याची अंमलबजावणी पुरेशी आहे?

प्रश्न : अक्राणीतील शिक्षक

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. वर्ग पहिली ते पाचवी, मंजूर पदे दोन, आणि त्यांपैकी एक पद गेल्या शैक्षणिक वर्षापासून रिक्त. सकाळी तांदूळ मोजून द्यायचा, शिजलेला आहार मुलांना वाढण्यापूर्वी स्वतः चाखून चव नोंदवहीत सही करायची, मग नेटवर्क मिळेल अशा टेकाडावर जाऊन ऑनलाइन माहिती भरायची. हे सारे उरकेपर्यंत पाचही वर्ग एकाच खोलीत बसून असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. प्रत्यक्षात मतदार यादीचे वर्षभराचे काम ‘निवडणूक’ या सदरात बसवले जाते आणि माहितीचे तक्ते शैक्षणिकच समजले जातात.

आमच्या संघटनेच्या तालुका बैठकीत असा ठराव आला आहे की, शाळांच्या सुविधा आणि शिक्षकांच्या सेवाशर्ती यांसाठी विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करावा. ठरावाला विरोध कोण करणार? पण असा कायदा झाल्यास नेमके काय हाती लागेल आणि त्यात काय लिहून घेतले पाहिजे, यावर जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ : शिरपूर, निवृत्त केंद्रप्रमुख

सर, माझी सारी नोकरी शासन निर्णयांच्या फायली लावण्यात गेली, म्हणून त्या अनुभवावरून लिहितो. शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण २०१७ मध्ये आले, २०२१ मध्ये बदलले आणि २०२४ मध्ये पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी अवघड क्षेत्राचे (दुर्गम शाळांचे) निकष, सेवेची वर्षे आणि संवर्ग यांवर नव्याने वाद झाले, कारण शासन निर्णय हा मंत्रालयातून निघतो आणि मंत्रालयातूनच फिरवला जातो. कर्नाटकाने शिक्षकांच्या बदल्यांसाठी २००७ मध्ये कायदाच केला आणि २०२० मध्ये त्याजागी नवा आणला. तो सर्वांना पसंत आहे असे नाही. पण त्यात फेरबदल करायचा तर विधिमंडळात बोलावे लागते, आणि मला हे मोठे वाटते.

दुसरा मुद्दा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेच्या पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचा आहे. पद ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि तो पट मोजताना आधार वैध असलेलीच मुले धरण्याकडे कल असतो. पाड्यावरच्या मुलाच्या आधारवर नावातले एक अक्षर किंवा जन्मतारीख जुळली नाही, की ते मूल वर्गात बसते, जेवते, परीक्षा देते, पण शिक्षक मंजूर करताना हिशेबात नसते. वर्गात असलेले मूल पटावर धरावे, एवढे एक वाक्य कायद्यात आले तरी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कितीतरी पदे वाचतील.

उत्तर २ : जळगाव, वकील

वरील दोन्ही मुद्दे योग्य आहेत, मात्र आधी हातात काय आहे ते पाहावे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ म्हणते की शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. हे प्रमाण शाळेगणिक आहे, जिल्ह्याची सरासरी काढून चालत नाही. म्हणजे दहापेक्षा कमी पदे असलेल्या कोणत्याही शाळेत एकही पद रिक्त ठेवणे कायद्यात बसत नाही. आपल्या शाळेत तर ते प्रमाण पन्नास टक्के आहे. असे असूनही ते रिक्त राहते, याचे कारण उघड आहे. मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला याच कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु पद रिक्त ठेवणाऱ्या प्राधिकाऱ्याला कसलीच शिक्षा नाही.

दाद मागण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी राज्याने १९७७ मध्येच सेवाशर्तींचा कायदा केला, आणि बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची सोय त्यात आहे. तो कायदा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला लागू नाही. त्याला खात्याकडे अर्ज करायचे आणि तेथे न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालय गाठायचे. खान्देशातील तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे येतात, म्हणजे अक्राणीचे मुख्यालय असलेल्या धडगावहून थेट छत्रपती संभाजीनगर. शिक्षण हक्क कायद्यातील कलम २४ शिक्षकांच्या तक्रारींची दखल घेते, पण निवारणाची रीत नियमांवर सोपवते, आणि ते नियम करण्याचा अधिकार कलम ३८ ने राज्याकडेच दिलेला आहे.

म्हणून माझे मत असे की, शिक्षकांच्या सन्मानाविषयीची भरजरी वाक्ये ठरावातून काढावीत. रिक्त पद किती दिवसांत भरायचे, न भरल्यास उत्तर कोणी द्यायचे, आणि शिक्षकाने दाद कोठे मागायची, एवढ्या तीन गोष्टींची मागणी करावी.

उत्तर ३ : शहादा, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

गुरुजींच्या अडचणी खऱ्या आहेत, पण या चर्चेत पालक कोठेच दिसत नाहीत. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, तरी बहुतेक ठिकाणी आम्हाला सहीपुरतेच बोलावतात. आम्ही रिक्त पदाबद्दल लेखी तक्रार केली, तेव्हा शेजारच्या गावच्या शिक्षकांना आमच्या शाळेत कामगिरीवर, म्हणजे मूळ शाळेचे पद तसेच ठेवून तात्पुरते, पाठवण्यात आले. आमची सोय झाली आणि त्यांची शाळा एकशिक्षकी झाली. त्या गावच्या आयाबायांना बाजारात तोंड दाखवायला आम्हाला लाज वाटली. कायदा करायचाच असेल, तर अशा कामगिरीच्या आदेशांना बंदी घालणारे कलम त्यात आधी हवे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले होळीच्या सुमारास परततात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, पण ते पत्रक घेऊन मूल दुसऱ्या शाळेत खरोखर बसले का, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

अक्राणीतील शिक्षक

ताई, कामगिरीच्या आदेशाचा मुद्दा आमच्या ठरावात नव्हता, कारण त्या आदेशांचा लाभ आमच्यातल्याच काहींना होतो. तो आता मांडतो. वकील साहेबांना एक विचारायचे आहे. कायदा होईल तेव्हा होईल, पण रिक्त पदाविषयी आज लेखी तक्रार करायची झाल्यास ती शिक्षकाने करावी की पालकांनी?

जळगाव, वकील

पालकांनी करावी, हे उत्तम. कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काविषयी कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करू शकते आणि तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत ‘शिक्षक द्यावा’ असे मोघम न लिहिता मंजूर पदे, भरलेली पदे, पद रिक्त झाल्याचा दिनांक आणि कलम २६ यांचा उल्लेख करावा, कामगिरीवरचा शिक्षक नको हेही स्पष्ट लिहावे, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.